तरतम आणि तारतम्य

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन सगळंच बंद होतं. "काय हो, लिहिणं सोडलंत की काय?" असं दोघातिघांनी विचारलं. सोडलं नाही, फक्त डोळ्यांनी रजा घेतली होती.

परवा नात राहायला आली. पुण्याला इंग्रजी शाळेत सातवीत आहे. आल्या आल्या दप्तर उघडून वही माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आजी, तू इंग्लिशची टीचर होतीस ना? मग हे तपासून दे." गृहपाठ असा होता की आपल्या घराबद्दल दहा वाक्यं लिहायची, आणि प्रत्येकात कम्पॅरेटिव्ह डिग्री यायला हवी.

पहिलंच वाक्य होतं, 'माय ब्रदर इज मोअर क्लेव्हरर दॅन मी.'

छत्तीस वर्षं (खरं म्हणजे पस्तीस, पण शेवटच्या वर्षाने दोन वर्षांचा त्रास दिला!) लाल पेन चालवलेला हात. तो आपोआप पुढे गेला. मी म्हटलं, "हे बघ, मोअर तरी लिही नाहीतर ईआर तरी लाव. चहात साखर घातल्यावर वर गूळ कशाला?" तिने मोअर खोडलं आणि वाक्य पुन्हा मोठ्याने वाचलं, 'माय ब्रदर इज क्लेव्हरर दॅन मी.'

"आता बरोबर ना, आजी?"

आणि मला 'बरोबर' म्हणता येईना. का, ते सांगण्यासाठी आज लिहिते आहे. पण मी पडले मास्तरीण. आधी थोडं व्याकरण ऐकावं लागेल. इलाज नाही.

मी मराठी माध्यमातून बी. ए. झाले. इंग्रजीचा तेवढा एक पेपर सोडला तर बाकी सारं मराठीतून. 1974 साली सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत लागले, तेव्हा नव्याने आलेल्या शिक्षकाच्या गळ्यात इंग्रजी मारायची पद्धत होती. तशी ती माझ्या गळ्यात पडली आणि निवृत्त होईपर्यंत निघाली नाही. एका हाताला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि दुसऱ्या हाताला रेन आणि मार्टिनचं जाडजूड व्याकरण घेऊन मी आधी स्वतः शिकले आणि मग शिकवलं. कदाचित त्यामुळेच मुलं नेमकी कुठे अडतात ते मला कळायचं. कारण मीही तिथेच अडले होते.

आपण मराठीत म्हणतो, 'राम शामपेक्षा उंच आहे.' या वाक्यात 'उंच' हा शब्द जागचा हलत नाही. राम एकटा असला तरी उंच, शामच्या शेजारी उभा राहिला तरी उंचच. सगळा भार शामवर. 'पेक्षा' त्याला चिकटतो. इंग्रजीत उलटं आहे. तिथे शाम मोकळा राहतो आणि उंचीलाच शेपूट फुटतं. टॉलचं टॉलर होतं आणि मध्ये दॅन येऊन बसतं. म्हणून मराठी मुलगा पहिल्यांदा लिहितो, 'राम इज टॉल दॅन शाम.' त्याच्या दृष्टीने दॅन म्हणजे पेक्षा, मग टॉलला हात कशाला लावायचा? त्याचं चुकतं, पण त्याचं डोकं बरोबर चाललेलं असतं. हे समजायला मला दहा वर्षं लागली.

नियम तसे सोपे आहेत. शब्द लहान असला तर ईआर लावायचं. टॉल-टॉलर, बिग-बिगर. हॅपीसारखा वायने संपणारा असला तर वायचा आय करून हॅपिअर. लांबलचक असला, ब्यूटिफुल किंवा डिफिकल्टसारखा, तर मागे शेपूट न लावता पुढे मोअर. क्लेव्हर दोन्हीकडचा आहे. क्लेव्हरर चालतं, मोअर क्लेव्हरही चालतं. फक्त दोन्ही एकदम नाही. गुड, बॅड यांच्यासारखे काही शब्द घरातून पळून गेल्यासारखे वेगळेच कपडे घालून येतात, बेटर आणि वर्स. ते पाठच करायचे.

या 'साखरेवर गूळ' चुकीला हसू नये बरं का. प्रत्यक्ष शेक्सपिअरने 'ज्युलिअस सीझर'मध्ये अँटनीच्या भाषणात मोस्ट आणि ईएसटी एकाच शब्दाला लावलं आहे. त्या काळी ते चालत असे. आणि आपण तरी काय करतो? श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ हे सगळे संस्कृतातले मुळात 'सगळ्यांत' हा अर्थ पोटात घेऊन आलेले शब्द. तरी आपण 'श्रेष्ठतम' म्हणतोच. गंमत म्हणजे त्यातला 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'ईएसटी' हे एकाच मूळ पुरुषाचे वंशज आहेत. आपण जेवताना 'स्वादिष्ट' म्हणतो, तो मूळचा 'स्वादिष्ठ' आणि इंग्रजांचा 'स्वीटेस्ट' हे तर सख्खे चुलतभाऊ. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वर्गात जाऊन कधी एकदा सांगते असं झालं होतं. मुलांनी जांभया दिल्या. असो.

खरी मेख दॅनच्या पुढे असते. 'मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे' हे मराठीत खुशाल चालतं. ऐकणारा मनातल्या मनात पुण्याची लोकसंख्या घालून घेतो. इंग्रजीत 'द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन पुणे' म्हटलं की एका पारड्यात माणसं आणि दुसऱ्या पारड्यात अख्खं शहर. तिथे 'दॅन दॅट ऑफ पुणे' असं लिहावं लागतं. तुलना करायची तर सारख्याशी सारख्याची.

तसंच 'अदर'चं. 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र' असं लिहिलं तर चूक. कळसूबाई स्वतः महाराष्ट्रातच आहे, मग ती स्वतःपेक्षा उंच कशी? 'एनी अदर पीक' हवं. पण 'एनी पीक इन गोवा' म्हणायचं असेल तर अदर नको, कारण कळसूबाई गोव्यात नाही. हा मुद्दा मुलांना एकदा कळला की कायमचा कळायचा.

आणि मग यायचा परीक्षेतला हमखास प्रश्न, 'चेंज द डिग्री.' अर्थ न बदलता वाक्याचं रूप बदला. कळसूबाई 1646 मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. ते तीन तऱ्हांनी सांगायचं. 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.' 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.' 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई.' अर्थ एकच, वाक्यं तीन. दोघांचीच तुलना असेल तर आणखी सोपं. 'राम इज टॉलर दॅन शाम' याचं 'शाम इज नॉट सो टॉल ॲज राम.'

अर्थ न बदलता. हे शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही. त्यांच्याकडे नीट पाहिलं मात्र फार उशिरा.

आता थोडं घरचं. नात्यातली मंडळी हे वाचतात, तेव्हा त्यांना माहीत असलेलंच सांगते. आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि केतकीसारखी गोरी. मी वडिलांच्या वळणावर गेलेली. घरी कोणी पाहुणे आले की आम्हा दोघींना शेजारी उभं करून म्हणायचे, "धाकटी थोरलीपेक्षा सावळी आहे हो." कुणी वाईट हेतूने म्हणायचं नाही. हवापाण्याच्या गप्पांसारखं म्हणायचे आणि चहा प्यायचे. मी कधी रडले नाही. पण वर्गातला पहिला नंबर सोडला नाही. मग घरात दुसरं वाक्य सुरू झालं. "बघ, धाकटी असून तुझ्यापेक्षा हुशार आहे." हे ताईला. आम्हाला दोघींना एकेक 'पेक्षा' मिळाला आणि तो दोघींनी जन्मभर सांभाळला. ताईने अकरावीनंतर शिक्षण सोडलं. मी अजूनही फोटोत कडेला उभी राहते.

कॉलेजात असताना 'दॅन आय' की 'दॅन मी' हा वाद शिकले. जुन्या पुस्तकांत 'टॉलर दॅन आय' हेच शुद्ध. आता 'दॅन मी' सगळीकडे चालतं. पण काही क्रियापदांपाशी एवढ्याशा फरकाने अर्थ फिरतो. 'मदर लव्ह्ज हर मोअर दॅन आय' म्हणजे माझं तिच्यावर जितकं प्रेम आहे त्याहून आईचं जास्त. 'मोअर दॅन मी' म्हणजे आईचं माझ्यावर जितकं आहे त्याहून तिच्यावर जास्त. प्राध्यापक हे समजावून सांगत होते तेव्हा वर्गात सगळे उतरवून घेत होते. मी मात्र पेन खाली ठेवून आमच्या घराचा विचार करत होते.

हे सगळं जिला ठाऊक होतं तिने पुढे काय केलं ते ऐका.

1986 साल. आठवीचा वर्ग. बी. एड.ला आम्हाला शिकवलं होतं, 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे'. उदाहरणं मुलांच्या अनुभवातली द्यावीत. राम आणि शामचा मलाही कंटाळा आला होता. वर्गात दोन चुलतभाऊ होते, एकाच बाकावर बसणारे. एक कायम पहिला. दुसरा इंग्रजीत जेमतेम. मी फळ्यावर लिहिलं, अमका इज क्लेव्हरर दॅन तमका. खरी नावं लिहिली. इथे लिहीत नाही. वर्गात खसखस पिकली. मला वाटलं, वा, वर्ग जागा झाला! आणि मग 'तमक्या'लाच खडू देऊन म्हटलं, "ये, याचं पॉझिटिव्ह कर बघू."

तो फळ्यापाशी बराच वेळ उभा राहिला. मग लिहिलं, 'आय ॲम नॉट सो क्लेव्हर ॲज...' आणि पुढे भावाचं नाव.

स्वतःच्या नावाच्या जागी 'आय' घालायचं हे मी सांगितलं नव्हतं. इज काढून ॲम करायचं हेही नाही. ते त्याने आपलं आपण केलं. वर्ग खो खो हसला. मी म्हटलं, "शाब्बास! वाक्य अगदी बरोबर."

त्या वर्षातलं ते त्याचं पहिलं बिनचूक वाक्य होतं. तो हुशार नाही असं सांगणारं, आणि तो हुशार आहे हे दाखवणारं. मला त्यातलं फक्त व्याकरण दिसलं. पुढे इंग्रजीच्या तासाला त्याने हात वर केल्याचं मला आठवत नाही. दहावीला इंग्रजीत गेला. शिक्षकांच्या खोलीत मी म्हटलं होतं, "वाटलंच होतं." हेही कबूल करून टाकते.

2023 साली त्या तुकडीच्या मुलांनी स्नेहमेळावा घेतला. मुलं कसली, पन्नाशी उलटलेले बाप्ये आणि बाया. मसालेभात, जिलेबी, शाल, श्रीफळ सगळं झालं. मी खुर्चीत टेकले होते, तेवढ्यात एक गृहस्थ येऊन पाया पडले.

"ओळखलंत का, बाई?"

ओळखलं नव्हतं. तेव्हा त्याने हसत हसत ते वाक्य म्हणून दाखवलं. जसंच्या तसं, इंग्रजीत, 'नॉट सो' आणि 'ॲज' सकट. "बाई, इंग्रजीतलं एवढं एक वाक्य मला न चुकता येतं बघा."

हातातला जिलेबीचा तुकडा तसाच राहिला. तालुक्याला त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या गावांतले विहिरीवरचे पंप जळाले की त्याच्याकडे येतात. जळालेल्या मोटरीचं कॉइल उघडायचं, वेढे मोजायचे, तारेची जाडी बघायची, पुन्हा तितकेच वेढे घालायचे, असं तो मला उत्साहाने सांगत होता. एक वेढा चुकला तर मोटर तापते म्हणे. मी ऐकत होते आणि मनात तेच वाक्य फिरत होतं. शेवटी म्हटलं, "अरे, मी तेव्हा चुकले."

तो गडबडला. "नाही नाही, बाई. तुमचं काय चुकलं? वाक्य खरंच होतं की."

याच्यापेक्षा त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "वाक्य बरोबर होतं बाबा. खरं होतं असं नाही." त्याला ते कितपत पोचलं कोण जाणे. "तुमच्याकडे कधी मोटर बिघडली तर फोन करा, मी स्वतः येतो," म्हणाला आणि पंगतीत वाढायला गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. 'अर्थ न बदलता' या शब्दांपाशी मी पहिल्यांदा थांबले. रूप बदललं की व्याकरणात अर्थ बदलत नाही हे खरं. पण माणूस बदलतो. पहिल्या वाक्यात जो दॅनच्या पलीकडे गुपचूप उभा असतो, तो दुसऱ्या वाक्यात गळ्यात 'नॉट' अडकवून सगळ्यांच्या पुढे येतो. एकाचं कौतुक करताना आपण दुसरं वाक्य उच्चारत नाही एवढंच, पण ते तयार झालेलं असतं, आणि ज्याला ऐकू जायचं त्याला ते बरोबर ऐकू जातं. आमच्या अंगणात चहा पिताना पाहुण्यांनी एकच वाक्य म्हटलं होतं. दुसरं माझं मीच करून घेतलं होतं.

'पेक्षा' हा शब्द मूळच्या 'अपेक्षा'वरून आला आहे. अमक्याच्या अपेक्षेने, म्हणजे त्याच्याकडे पाहता. व्याकरणाच्या पुस्तकात हे वाचून पुढे गेले होते. आता वाटतं, कुणाला तरी कुणाकडे तरी पाहायला लावल्याशिवाय हे वाक्य होतच नाही. आणि आपल्याकडे या डिग्रीच्या प्रकरणाला 'तरतमभाव' म्हणतात. लघुतर, लघुतम यांतले ते तर आणि तम. त्याच तर-तमापासून शब्द झाला 'तारतम्य'. कुठे, काय, किती बोलावं याची समज! ज्या पूर्वजांनी तुलनेच्या प्रत्ययांपासून शहाणपणाचा शब्द घडवला, त्यांना या वाक्यरचनेचा धोका चांगलाच ठाऊक असावा. मी तरतम पस्तीस वर्षं शिकवलं. तारतम्य शिकायला सत्तरी ओलांडावी लागली.

तर, नातीची वही.

मी तिला विचारलं, "दादा हुशार, पण कशात?"

"मॅथ्समध्ये."

"मग तसं लिही. उंची मोजायला टेप असते. हुशारी कुठल्या टेपने मोजलीस? आणि तुला काय त्याच्याहून चांगलं येतं?"

तिने थोडा विचार केला. "स्विमिंग. तो अजून डीपमध्ये घाबरतो."

मग वाक्य झालं, 'ही इज बेटर ॲट मॅथ्स, बट आय ॲम अ बेटर स्विमर.' ती खूष. मी म्हटलं, बाकीची वाक्यं डोंगर-नद्यांवर लिही. गोदावरी कृष्णेपेक्षा लांब आहे म्हटलं तर कृष्णेला वाईट वाटत नाही. "पण आजी, टीचरने घराबद्दलच सांगितलंय," ती म्हणाली. तेही खरंच. मग आमचा जिना, आमचा माठ, अंगणातला आंबा आणि शेजारचा फणस यांना कामाला लावलं. नऊ वाक्यं झाली.

दहावं तिने स्वतःच लिहिलं आणि वही हाताने झाकून धरली. हात बाजूला केला तर, 'आजी वॉक्स स्लोअर दॅन लास्ट इयर.'

"चालेल ना?" तिने हळूच विचारलं. "म्हणजे, ग्रामर?"

मला आधी हसू आलं. मग जरा काही तरी झालं. पूर्वीची मी असते तर 'स्लोअर' खोडून 'मोअर स्लोली' केलं असतं. ते राहू दिलं. फक्त 'दॅन'च्या पुढे 'शी डिड' एवढं घालायला सांगितलं. तुलना आजीची आणि वर्षाची नाही, आजीची आणि गेल्या वर्षीच्या आजीची आहे. सारख्याशी सारख्याची. वाक्य बरोबर होतं, आणि खरंही होतं. दॅनच्या पलीकडेही मीच होते, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? दहापैकी दहा दिले.

संध्याकाळी आम्ही दोघी भाजी आणायला गेलो. एरवी ही पोर पुढे पळत सुटते आणि कोपऱ्यावर जाऊन "आजी, चल ना!" म्हणून ओरडते. परवा ती पिशवीचा एक बंद धरून माझ्या पावलाला पाऊल लावून चालत होती. मी काही बोलले नाही. तीही नाही.

ताई, हे वाचलंस तर फोन कर. तू माझ्यापेक्षा चांगल्या करंज्या करतेस एवढंच म्हणणार होते, पण ते आता नकोच. यंदा दिवाळीला ये, दोघी मिळून करू.